यादीत नसलेल्या तबकड्या

मुंबईहून हावड्याकडे निघालेली गाडी भुसावळ आणि बोदवड मागं टाकून वऱ्हाडात शिरते, तेव्हा पहिलं मोठं स्टेशन लागतं ते मलकापूरचं. बुलढाणा हे जिल्ह्याचं ठाणं घाटावर आहे. तिथं आजही रेल्वे नाही, म्हणून बुलढाण्याला जायचं तर मलकापुरात उतरायचं, हा रिवाज जुना आहे. या लोहमार्गाच्या एका टोकाला मुंबई, जिथं मराठी गाणी मुद्रित व्हायची. दुसऱ्या टोकाला कलकत्ता, जिथं त्यातल्या बहुतेकांच्या तबकड्या निघायच्या. मलकापूर या दोहोंच्या मध्ये. इथं ना स्टुडिओ होता, ना कारखाना. इथं होते ते ऐकणारे, आणि तबकडीच्या प्रवासात ऐकणाऱ्याचं घर हा शेवटचा मुक्काम. त्या मुक्कामाहून पुढं ती एक तर माळ्यावर जाते, नाही तर भंगारवाल्याच्या काट्यावर, आणि हजारात एखादी संग्राहकाच्या हाती. कोणती तबकडी कुठं जाईल हे ठरतं कशावरून? सर्वसाधारण उत्तर असं, की दुर्मिळ असेल ती संग्राहकाकडे जाते आणि सामान्य असेल ती भंगारात. हे उत्तर मला उलटं वाटतं. तबकडी दुर्मिळ असते म्हणून यादीत येत नाही. ती कुणाच्या तरी यादीत येते, म्हणून दुर्मिळ ठरते. यादीत नसलेल्या तबकडीची जगात एकच प्रत उरली असली, तरी तिला दुर्मिळ म्हणायला कुणी नसतं. ती नुसती नाहीशी होते.

मुळापासून पाहू. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ च्या अखेरीला कलकत्त्यात आला. ११ नोव्हेंबरला त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्या पहिल्या फेरीत साडेपाचशेच्या घरात ध्वनिमुद्रणं झाली, काही सात इंची, काही दहा इंची. मेणाच्या मूळ प्रती बोटीनं जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायच्या, तिथं तबकड्या दाबल्या जायच्या आणि त्या परत इकडं यायच्या. गाणं संपता संपता गायिका इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारी. ते रसिकांसाठी नव्हतं. लेबलवर काय छापायचं हे हॅनोव्हरच्या कामगाराला कळावं म्हणून ती सोय होती, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे आपल्याकडची अगदी पहिली नोंद तबकडीच्याच पोटात आहे आणि ती गाणारीनं स्वतःच्या तोंडानं केलेली आहे. १९०८ साली कलकत्त्याच्या सियालदह भागात कारखाना सुरू झाला आणि जर्मनीची वारी संपत आली. १९२८ साली तो डमडमला गेला. ज्या लाखेपासून या तबकड्या बनत ती तर इथलीच होती. सुतार ज्या चपड्याचं पॉलिश करतो, तोच चपडा, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी.

वऱ्हाडात हा माल यायला कापूस कारणीभूत. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडं वळली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८७० मध्ये लॉर्ड मेयोनं खामगावची कापसाची शाखा उघडली. रेल्वेच्या कडेच्या गावांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, अडते आले, वकील आले, आणि त्यांच्या पाठोपाठ नाटक मंडळ्या. वऱ्हाडचा दौरा म्हणजे नाटक कंपन्यांच्या हिशेबवहीतलं भरभक्कम पान. नाटक उठून पुढच्या गावी गेलं तरी पदं मागं राहावीत, ही सोय तबकडीनं केली. तीन-साडेतीन मिनिटांत बसेल एवढंच पद, पण बालगंधर्वांचं, मास्टर दीनानाथांचं, हिराबाई बडोदेकरांचं, आणि तेही पेठेतल्या माडीवर, चावीच्या फोनोवर. काहींची वेळ मात्र चुकली. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि गैसबर्ग आला १९०२ मध्ये. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत आणि अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते, तरी त्यांची तबकडी नाही. त्यांच्या गाण्याविषयी आपण जे काही बोलतो ते दुसऱ्यांच्या कानांवर विसंबून.

आता या कापसाच्या धाग्याचं दुसरं टोक पाहा, कारण तबकडीला किंमत कशी येते याचा सगळ्यात चोख नमुना तिथं सापडतो. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशज विसाव्या शतकात डेट्रॉइट, शिकागोसारख्या कारखान्यांच्या शहरांत आले. चर्चमधल्या त्यांच्या भजनांचा आवेग आणि नाचाच्या संगीताचा ठेका यांच्या मिलाफातून जे गाणं निघालं त्याला 'सोल' म्हणतात. १९५९ साली बेरी गॉर्डीनं डेट्रॉइटमध्ये मोटाउन कंपनी काढली आणि या गाण्याला जगभर बाजार मिळाला. पण मोटाउनच्या एका गाजलेल्या तबकडीमागं छोट्या छोट्या कंपन्यांच्या शंभर तबकड्या पडून राहिल्या. सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, दोन बाजूंना दोन गाणी. शे-पाचशे काढायच्या, रेडिओवर कुणी लावली नाही की गोदामात. याच पडून राहिलेल्या तबकड्यांना १९६० आणि ७० च्या दशकांत वेड्यासारखं गिऱ्हाईक मिळालं ते इंग्लंडच्या उत्तरेत, मँचेस्टर आणि विगनच्या पट्ट्यात. वऱ्हाडचा कापूस ज्या गिरण्यांकडे जायचा त्याच मुलखातली ही कामगारांची मुलं. मँचेस्टरचा 'ट्विस्टेड व्हील' क्लब, पुढं १९७३ ते १९८१ चालू असलेला 'विगन कॅसिनो': रात्रभर नाच, पाय घसरावेत म्हणून फरशीवर टाल्कम पावडर, आणि कानांवर पडायचं ते अमेरिकेत आपटलेलं गाणं. गाजलेलं नकोच. डेव्ह गॉडिन या लेखकानं या नादाला 'नॉर्दर्न सोल' हे नाव दिलं.

या नादातली सगळ्यात महाग तबकडी फ्रँक विल्सनची. १९६५ च्या अखेरीला मोटाउनच्या 'सोल' याच नावाच्या लेबलवर तिच्या मोजक्या नमुना प्रती निघाल्या. विल्सन गायक न होता निर्माता व्हायच्या मार्गाला लागला, प्रकाशन रद्द झालं, प्रती नष्ट केल्या गेल्या. पुष्कळ वर्षं दोनच प्रती ठाऊक होत्या. त्यातली एक २००९ साली २५,७४२ पौंडांना विकली गेली. हा आकडा ऐकून आपण म्हणतो, दोनच प्रती, मग किंमत येणारच. पण दोनच प्रती उरलेल्या वस्तू जगात अगणित आहेत. मलकापुरातल्या एखाद्या किराणा दुकानाची १९६५ सालची पावती-पुस्तिका दोन प्रतींतही उरली नसेल, आणि तिला कुणी दोन रुपये देणार नाही. विल्सनच्या तबकडीला पैसे मिळाले कारण तिच्याबद्दलची सगळी माहिती आधीच गोळा झाली होती. कोणतं लेबल, कोणता क्रमांक, कोणत्या सत्रात मुद्रित, कुठून बाहेर आली, कुणाकडून कुणाकडे गेली, हे चाहत्यांनी पोलिसी चिकाटीनं लिहून ठेवलं होतं. नियतकालिकं निघाली, याद्या निघाल्या, जॉन मॅनशिपसारख्या व्यापाऱ्यांनी किमतीच्या मार्गदर्शिका छापल्या. याद्यांचा हा धाक इतका होता, की क्लबातले डीजे आपल्या तबकडीचं लेबल झाकून वर खोटं नाव चिकटवत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ती यादीत शोधता येऊ नये. विल्सनचंच गाणं बराच काळ एडी फॉस्टर या भलत्याच नावानं वाजत राहिलं. नाव लपवण्याला किंमत येते ती नाव कळल्यावर शोधता येतं म्हणून. ज्या बाजारात यादीच नाही तिथं लपवायला तरी काय आहे?

आपल्याकडे याद्या अजिबात नाहीत असं नव्हे, आणि जिथं आहेत तिथला फरक डोळ्यांत भरतो. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन संशोधकानं ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ मधल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची केली, ती १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं छापली. १९९० च्या सुमारास मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था उभी राहिली. सुरेश चांदवणकरांनी तिचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवलं आणि एकेका कलावंताच्या तबकड्यांची खानेसुमारी त्यातून होत गेली. हिंदी चित्रपटगीतांसाठी कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज़' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' काढला, गाण्यापुढं तबकडीचा क्रमांक देऊन. आज गौहर जानची तबकडी हातात आली तर कुणीही जाणकार तिचं साल शोधून सांगू शकतो. बालगंधर्वांच्या तबकडीचं लेबल पाहून ती देवदूताच्या छापाच्या काळातली की कुत्र्याच्या, हे तो ओळखतो. त्यामुळं मुंबईच्या चोर बाजारात नाट्यसंगीताची जुनी तबकडी विकणारा दुकानदार ती पुसून, कागदी पाकिटात घालून उभी ठेवतो. त्याला गाण्याचं प्रेम असो वा नसो, त्याला यादीचा धाक आहे.

मग बाकीच्यांचं काय? सोल सिंगलशी आपल्याकडे ज्यांचं खरं नातं जुळतं त्या तबकड्या नाट्यसंगीताच्या नव्हेत. नाट्यसंगीत हा त्या काळच्या प्रतिष्ठित घरांचा माल. सोलसारखा, कष्टकऱ्यांच्या वस्तीत जन्मलेला आणि तिथंच वाजलेला माल म्हणजे १९६० आणि ७० च्या दशकांतल्या सात इंची तबकड्या: सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, शाहीर साबळ्यांची लोकगीतं, विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे यांची भीमगीतं, भक्तिगीतं, कव्वाल्या. फेरे ४५, एकेका बाजूला बहुधा दोन गाणी. वऱ्हाड-खानदेशात यांचं मुख्य गिऱ्हाईक घरगुती नव्हतं. लग्नाला, उरुसाला, चौदा एप्रिलला कर्णे बांधणारे लाउडस्पीकरवाले आणि टुरिंग टॉकीजचे तंबूवाले यांनी त्या घेतल्या, आणि अशा वाजवल्या की दोन हंगामांत खाचा पांढऱ्या पडाव्यात. मग कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात तर हे सगळं संगीत कॅसेटवरच गेलं आणि तबकड्यांचे गठ्ठे जुन्या अॅम्प्लिफायरच्या खोक्यांखाली राहिले. या तबकड्यांना मराठीत 'हमराज़' लाभलेला नाही. म्हणून एखाद्या भीमगीताची, फक्त एकाच वर्षी निघालेली आणि पुन्हा कधीच न छापलेली तबकडी आणि हजारोंनी खपलेल्या हिंदी सिनेमाची तबकडी भंगाराच्या काट्यावर सारख्याच भावानं जातात. उलट सिनेमाचीच वाचण्याचा संभव जास्त. तिचं नाव ठाऊक आहे.

बुलढाणा जिल्ह्यापुरतंच बोलायचं तर इथं एक ठळक अपवाद आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतो. सिंदखेडराजात १९०९ साली जन्मलेले आणि मेहकरला वकिली केलेले कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता विदर्भाचेच गायक जी. एन. जोशी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला गायली आणि तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताच्या तबकड्यांची परंपरा बहुतेक अभ्यासक इथूनच मोजतात. जोशी पुढं ग्रामोफोन कंपनीतच, म्हणजे एचएमव्हीत, अधिकारी झाले आणि अनेक मोठ्या कलावंतांची ध्वनिमुद्रणं त्यांच्या हातून झाली. या तबकडीची आठवण मराठीत टिकली, लेखांत आली, आत्मकथनांत आली, कवितासंग्रहालाही १९५४ साली तेच नाव मिळालं. म्हणजे एका अर्थी ती यादीत शिरली. तिची प्रत जिल्ह्यात कुणाच्या पेटीत निघाली तर घरातलं एखादं माणूस तरी 'अरे, ही जपा' म्हणेल. पण त्याच सुमाराला निघालेल्या, त्याच पेटीत तिच्याखाली असलेल्या आणि आज ज्यांच्या गायकाचं नाव कुणालाच सांगता येत नाही अशा तबकड्यांचं काय होईल? 'शीळ' बाजूला काढून बाकी गठ्ठा दिला जाईल. सगळेच असं करतात आणि त्यात कुणाचा दोष नाही. ज्ञात ते राखायचं, अज्ञात ते काढून टाकायचं. फक्त याला 'निवड' म्हणू नये. निवडीला आधी दोन्हींची माहिती लागते.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गाणं यूट्यूबवर आहे, कंपनीच्या संग्रहात आहे, मग लाखेची थाळी सांभाळायची कशाला? याला दोन उत्तरं. एक, जे चढवलं गेलं ते कुणाला तरी ठाऊक होतं म्हणून. ग्रामोफोन कंपनीचीच वारसदार असलेल्या सारेगमनं २०१७ साली 'कारवां' हे पाच हजार गाणी भरलेलं यंत्र काढलं आणि ते तुफान खपलं. पण कंपनी आठवणीतलं गाणं विकते. विस्मरणातलं गाणं विकायचा तिचा धंदा नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. दुसरं उत्तर विल्सनच्याच तबकडीचं. त्याचं गाणं १९७९ साली ब्रिटनमध्ये रीतसर पुन्हा प्रकाशित झालं, म्हणजे चार पैशांत कुणालाही ऐकता येऊ लागलं. तरी तीस वर्षांनी मूळ प्रतीला पंचवीस हजार पौंड आले. गाणं आणि वस्तू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे बाजाराला केव्हाच उमगलंय. वस्तूवर जे असतं ते गाण्यात नसतं. मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक असतो, त्यावरून ते कोणत्या ओळीतलं मुद्रण हे कळतं. लेबलवर कधी संगीतकाराचं नाव असतं, कधी मुद्दाम गाळलेलं असतं. कागदी पाकिटावर विकणाऱ्याचा रबरी शिक्का असतो: अकोला, अमरावती, भुसावळ, नागपूर. अशा दोनशे पाकिटांवरचे शिक्के एकत्र केले तर वऱ्हाडात गाणं कोणत्या वाटेनं आलं याचा नकाशा तयार होईल, जो कोणत्याच गॅझेटियरात नाही. लाउडस्पीकरवाल्यानं लेबलवर रंगानं घातलेला अनुक्रमांकही मला तितकाच मोलाचा वाटतो. ४७ क्रमांकाच्या तबकडीवर खाचा पूर्ण झिजलेल्या आणि ४८ व्या कोऱ्या करकरीत, तर गावाला काय हवं होतं याचा तो पुरावाच.

या पुराव्याचा सगळ्यात मोठा शत्रू, गंमत अशी, की भंगारवाला नाही. तो तबकड्या फोडतो, पण निदान खोटं सांगत नाही. गोंधळ होतो तो तबकडी हस्तांतरित होताना. मलकापूरच्या घरातला गठ्ठा फिरत्या खरेदीदाराला गेला, त्याच्याकडून भुसावळला, तिथून मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर, की तोवर तबकडीचं मूळ पाकीट बदललेलं असतं, गठ्ठा फुटलेला असतो आणि ती 'जुन्या रेकॉर्डी' या ढिगात मिसळलेली असते. विकणाऱ्याला ती कुठून आली हे सांगण्यात रस नसतो, उलट स्रोत लपवण्यात असतो, कारण उद्या दुसरा तिथं पोचेल. विगनचा डीजे आणि चोर बाजारचा दुकानदार इथं भाऊ-भाऊ. त्यांना शहाणपण शिकवण्यात अर्थ नाही, व्यापाराची ती रीतच आहे. म्हणून नोंद व्हायची ती गठ्ठा घराबाहेर पडायच्या आधी, त्या गावातच, झाली पाहिजे. पुढच्या कोणत्याही टप्प्यावर ती होऊ शकत नाही.

यावर व्यापाराच्या बाजूनं म्हटलं जाईल: तुमच्या याद्या राहू द्या, आजवर ज्या तबकड्या वाचल्या त्या विकणाऱ्यांमुळे आणि घेणाऱ्यांमुळेच वाचल्या. हे मला शंभर टक्के मान्य आहे. सरकारी दफ्तरांनी आणि बहुतेक विद्यापीठांनी ज्या काळात तबकडीला पुरावा मानलंच नाही, त्या काळात चोर बाजारात फेऱ्या मारणाऱ्या नोकरदार संग्राहकांनी पदरचे पैसे घालून त्या जमवल्या. केरळात प्लासनालला सनी मॅथ्यू यांनी तबकड्यांचं आणि यंत्रांचं संग्रहालय उभं केलं, ते एका व्यक्तीच्या ध्यासातून. त्यामुळं 'विकू नका, दान करा' हा उपदेश मी करणार नाही. कापसाचा भाव पडलेल्या वर्षी माळ्यावरच्या पेटीचे चार हजार येत असतील तर ते घेण्याचा हक्क त्या घराला आहे. म्हणणं एवढंच की बाजार फक्त ओळखीच्याला वाचवतो. सोलच्या बाजारानं हजारो आपटलेल्या तबकड्या वाचवल्या, कारण त्याच्याआधी आणि त्याच्याबरोबर यादी करणारे चालत होते. आपल्याकडे बाजार आहे आणि यादीवाले फार थोडे, तेही मुंबई-पुण्यात.

आणखी एक आक्षेप नैतिक आहे आणि तो सहज झटकता येत नाही. यादी झाली की भाव चढेल, भाव चढला की तबकडी श्रीमंताच्या कपाटात जाईल, आणि जिनं गायलं तिला किंवा तिच्या मुलाबाळांना छदामही मिळणार नाही. खरं आहे. विल्सनच्या तबकडीचे पंचवीस हजार पौंड विल्सनला मिळाले नाहीत. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ मध्ये फेरविक्रीतला वाटा देण्याची सोय आहे, पण ती चित्रं, शिल्पं आणि मूळ हस्तलिखितांपुरती. ध्वनिमुद्रिका त्यात बसत नाही. कारखान्यात दाबलेली हजारातली एक प्रत म्हणजे मूळ कलाकृती नव्हे, हा कायद्याचा तर्क समजण्यासारखा आहे, आणि तमाशाच्या फडातल्या बाईला किंवा भीमगीतं गाणाऱ्या शाहिराला त्याचा उपयोग नाही हेही तितकंच उघड. पण यादी न केल्यानं त्यांना काही मिळतं का? यादीत नाव आलं तर निदान गायलं कुणी, पेटी कुणी वाजवली, शब्द कुणाचे, हा दावा तरी उभा राहतो. उद्या त्या गाण्याची चाल सिनेमात उचलली गेली तर भांडायला पहिला कागद लागेल तो हाच. नाव नसलेल्या माणसाला हक्क मागता येत नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर एक गुंता इथंच सोडवलेला बरा, कारण त्याच्या भीतीनं लोक नोंदही करत नाहीत आणि ध्वनीची नक्कलही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९६४ अखेरपर्यंत निघालेल्या तबकड्यांचं ध्वनिमुद्रण २०२४ अखेर मोकळं झालं. ७८ फेऱ्यांच्या बहुतेक सगळ्या तबकड्या त्यात येतात. त्यानंतरच्या सात इंची मात्र बहुतेक अजून नाहीत. शिवाय शब्दांचा आणि चालीचा हक्क वेगळा, तो कवीच्या किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ना. घ. देशपांडे २००० साली गेले, तेव्हा 'शीळ'च्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क कधीच संपला असला तरी कवितेवरचा २०६० अखेरपर्यंत चालू राहील. एकाच तबकडीत एक गोष्ट मोकळी आणि एक बांधलेली. पण नोंदीला यातलं काहीच आड येत नाही. लेबलवरचा मजकूर वहीत उतरवायला कुणाची परवानगी लागत नाही. उलट १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा शंभर वर्षं जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तूंना लागू होतो, आणि १९२५ पूर्वीच्या तबकड्या आता वयानं तरी त्या रेषेपलीकडे गेल्या आहेत. परदेशी गिऱ्हाइकाला जुनी तबकडी पाठवणाऱ्यानं त्याचा विचार आधी करावा.

सगळंच कशाला जपायचं, हा शेवटचा आणि खरं तर सगळ्यात प्रामाणिक आक्षेप. ढिगात कितीतरी सुमार गाणी असतात, रडकी, उसनी, बेसूर. असतात. विगनमध्ये वाजलेल्या तबकड्यांतही बरीच सुमार होती, चाहतेसुद्धा आज ते कबूल करतात. पण मी सगळं जपा म्हणत नाही, सगळं लिहा म्हणतो, आणि या दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जपायला जागा लागते, थंडावा लागतो. मलकापूरच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. पत्र्याखाली आडव्या रचलेल्या व्हायनलच्या तबकड्या तिथं पापडासारख्या वाकतात आणि लाखेच्या तबकड्या आपल्याच वजनाखाली तडकतात. त्या उभ्या ठेवाव्या लागतात. लाखेची तबकडी स्पिरिटनं पुसली तर पॉलिशच विरघळावं तशी ती विरघळते. ती साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं, लेबल वाचवत पुसावी लागते. हे सगळ्या घरांना जमणार नाही. लिहायला मात्र एक वही पुरते. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी वाचनालयं तालुक्या-तालुक्यांत आहेत. त्यांच्या दाखल-नोंदवहीत पुस्तकाला जसे रकाने असतात तसेच तबकडीला लागतील: लेबलवरचा सगळा मजकूर चुकांसकट, कंपनीचा क्रमांक, मधल्या पट्टीवर कोरलेला क्रमांक, पाकिटावरचा शिक्का, गाव, घर सांगायला तयार असेल तर घराचं नाव, आणि तबकडी पुढं कुणाला गेली. वाचनालयानं तबकडी विकत घ्यायची नाही, ठेवायची नाही, वाजवायचीही नाही. मालकानं नोंद करून न्यावी आणि मग खुशाल विकावी. खरेदीदारालाही हे सोयीचं, कारण कुठून आली याचा कागद असलेली तबकडी बाजारात जास्त भाव खाते.

मोडकी तबकडी आणली तर काय करायचं, हा प्रश्न अशा वहीवाल्याला पहिल्याच आठवड्यात पडेल. लाखेची तबकडी बहुधा कडेकडून फुटते, मधलं लेबल आणि त्याभोवतीची गुळगुळीत पट्टी पुष्कळदा अखंड राहते. क्रमांक काजळीसारख्या काळ्या पृष्ठभागावर बारीक कोरलेला असतो, सरळ उजेडात दिसत नाही. टॉर्च आडवी धरून, तबकडी किंचित फिरवत गेलं की आकडे एकेक करून वर येतात. ते उतरवून घ्यावेत, गाणं गेलेलं असलं तरी.